जर्नलयुक्त फाइल सिस्टिममध्ये आयनोडचे मेमरीतील रूप : लिनक्समधील एक्स्ट४ चा अभ्यास

या पाठात आपण काय शिकणार आहोत

- डिस्कवरील आयनोड आणि मेमरीतील आयनोड यांतील फरक
- जर्नलमुळे मेमरीतील आयनोडला कोणती जास्तीची माहिती बाळगावी लागते आणि का
- फाइल लिहिण्याच्या प्रत्येक टप्प्यावर ही माहिती कशी बदलते
- लॉक घेण्याचा क्रम जर्नलमुळे कसा ठरतो

पूर्वज्ञान : सी भाषेतील स्ट्रक्चर व पॉइंटर, फाइल सिस्टिममधील ब्लॉकची कल्पना, पेज कॅशची प्राथमिक ओळख.

नावांविषयी : लिनक्सच्या मूळ कोडमधील नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. नावातील अधोरेषा तशीच ठेवली आहे, म्हणजे मूळ कोड वाचताना नाव ओळखणे सोपे जाईल.

## १. प्रश्न काय आहे?

फाइलचे नाव आणि फाइलमधील मजकूर सोडून फाइलविषयीची बाकी सर्व माहिती, म्हणजे मालक, परवानग्या, आकार, वेळा आणि मजकूर कोणत्या ब्लॉकमध्ये आहे याचा पत्ता, ज्या नोंदीत असते तिला आयनोड म्हणतात. ही व्याख्या आपण आधीच्या पाठांत पाहिली आहे. त्यावरून असे वाटते की फाइल उघडली की ही नोंद डिस्कवरून मेमरीत आणायची, तिच्यात बदल करायचे आणि ती परत लिहायची. म्हणजे मेमरीतील आयनोड ही डिस्कवरील आयनोडची नक्कल.

हे अर्धेच खरे आहे. एक्स्ट४ मध्ये डिस्कवरील आयनोड सहसा २५६ बाइटचा असतो. मेमरीतील आयनोडची रचना ६४ बिटच्या संगणकावर साधारण एक किलोबाइट किंवा त्याहून थोडी मोठी असते. म्हणजे सुमारे चौपट. ही वाढ कशासाठी?

त्यातील काही जागा लॉक, याद्या आणि पॉइंटर यांना लागते. ती कोणत्याही फाइल सिस्टिमला लागेल. पण काही फील्ड अशी आहेत की ती समजण्यासाठी एकच प्रश्न विचारावा लागतो : *या क्षणी वीज गेली तर डिस्कवर काय उरेल?* मेमरीत जे खरे आहे ते सगळे डिस्कवर पोचलेले नसते. काय पोचले, काय पोचायचे आहे आणि ते कोणत्या ट्रान्झॅक्शनबरोबर पोचणार आहे, याचा हिशेब मेमरीतील आयनोड ठेवतो. हा पाठ त्या हिशेबाचा आहे.

## २. डिस्कवरील आयनोड

ब्लॉक ४०९६ बाइटचा आणि आयनोड २५६ बाइटचा असेल तर एका ब्लॉकमध्ये १६ आयनोड बसतात. ही संख्या पुढे उपयोगी पडेल. आयनोडना क्रमांक असतात. क्रमांक २ चा आयनोड मूळ डिरेक्टरीचा, तर क्रमांक ८ चा आयनोड जर्नलचा असतो.

आयनोडमधील ६० बाइट मजकुराचे पत्ते ठेवण्यासाठी असतात. एक्स्ट२ व एक्स्ट३ मध्ये तेथे १५ ब्लॉक क्रमांक बसत. एक्स्ट४ मध्ये तेथे एक्स्टेंट असतात. 'फाइलमधील अमुक ब्लॉकपासून इतके ब्लॉक डिस्कवर सलग अमुक ठिकाणी आहेत' अशी एक नोंद म्हणजे एक एक्स्टेंट. १२ बाइटचे एक शीर्ष आणि प्रत्येकी १२ बाइटचे चार एक्स्टेंट मिळून ६० बाइट भरतात. चारांत भागले नाही तर बाहेरच्या ब्लॉकमध्ये झाड तयार होते.

## ३. मेमरीतील आयनोड : दोन थर

लिनक्समध्ये सर्व फाइल सिस्टिमना सामाईक असा एक थर आहे, व्हीएफएस. त्याची आयनोडची स्वतःची रचना आहे. तिचे नाव नुसते 'आयनोड'. तिच्यात परवानग्या, मालक, आकार (आय_साइझ), दुव्यांची संख्या (आय_एनलिंक), सध्या किती जण ही रचना वापरत आहेत याची मोजणी (आय_काउंट), पेज कॅशशी जोडणी आणि आय_आरडब्ल्यूसेम हे लॉक असते.

एक्स्ट४ ला याहून जास्त माहिती लागते. ती 'एक्स्ट४_आयनोड_इन्फो' या मोठ्या रचनेत आहे. व्हीएफएसचा आयनोड या मोठ्या रचनेच्या *पोटात* ठेवलेला असतो, पॉइंटरने जोडलेला नसतो. व्हीएफएस नवा आयनोड मागते तेव्हा एक्स्ट४ मोठी रचना घेते आणि तिच्या पोटातील छोट्या रचनेचा पत्ता परत देते. पुढे व्हीएफएसकडून तो पत्ता आला की त्यातून ठरावीक अंतर वजा करून मोठ्या रचनेची सुरुवात मिळते. हे काम कंटेनर_ऑफ हा मॅक्रो करतो. एकदाच मेमरी मागावी लागते आणि दोन रचनांचा जन्म व मृत्यू एकदमच होतो, हा या मांडणीचा फायदा.

एका डिस्कवरील एका आयनोडची मेमरीत एकच प्रत असली पाहिजे. दोन प्रती झाल्या तर दोन लॉक होतील आणि हिशेब चुकेल. म्हणून फाइल सिस्टिम व आयनोड क्रमांक यांवरून शोधता येणारी एक हॅश सारणी असते. शोधलेला आयनोड सारणीत नसेल तर नवी रचना 'अजून भरली जात आहे' अशा खुणेसह लगेच सारणीत घातली जाते. त्याच वेळी तोच आयनोड मागणारा दुसरा थ्रेड ती खूण निघेपर्यंत थांबतो.

## ४. जर्नलची थोडक्यात उजळणी

फाइलला एक ब्लॉक जोडायचा तर निदान तीन ठिकाणी बदल होतात : ब्लॉकचा बिटमॅप, मोकळ्या ब्लॉकची मोजणी आणि आयनोड. मध्येच वीज गेली तर तिघांत मेळ राहत नाही. जर्नल यावर उपाय करते. बदललेल्या ब्लॉकच्या प्रती आधी जर्नलमध्ये लिहायच्या, शेवटी कमिटची नोंद लिहायची आणि नंतर सवडीने ते ब्लॉक मूळ जागी न्यायचे. पुन्हा सुरू होताना कमिटची नोंद असलेली ट्रान्झॅक्शन परत राबवली जातात, अपुरी सोडून दिली जातात.

स्टीफन ट्वीडी यांनी एक्स्ट२ ला जर्नल जोडण्याची ही रचना १९९८ मध्ये मांडली. ती एक्स्ट३ या नावाने २००१ मध्ये मुख्य लिनक्स कर्नलमध्ये आली. एक्स्ट४ त्याच परंपरेतील असून तिच्या जर्नलच्या थराला जेबीडी२ म्हणतात. जेबीडी२ विषयी तीन गोष्टी लक्षात ठेवा :

1. प्रत्येक लहान कामासाठी वेगळे ट्रान्झॅक्शन नसते. अनेक कामे एकाच चालू ट्रान्झॅक्शनमध्ये सामील होतात. सामील होण्याच्या परवान्याला हँडल म्हणतात.
2. प्रत्येक ट्रान्झॅक्शनला चढता क्रमांक असतो, टीआयडी. सामान्यतः पाच सेकंदांनी चालू ट्रान्झॅक्शन कमिट होते.
3. जर्नलमध्ये पूर्ण ब्लॉक लिहिला जातो. एका आयनोडची फक्त वेळ बदलली तरी १६ आयनोडचा अख्खा ब्लॉक जातो. मात्र त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये तो ब्लॉक कितीही वेळा बदलला तरी एकदाच जातो.

आयनोडमध्ये बदल झाला की एक्स्ट४ तो लगेच, हँडल हातात असतानाच, आयनोडच्या ब्लॉकच्या बफरमध्ये उतरवते आणि बफर जर्नलच्या स्वाधीन करते. कमिट होईपर्यंत तो बफर मूळ जागी लिहायला मनाई असते. म्हणून जर्नलला मेमरीतील आयनोडची रचना सांभाळायची गरज नसते, तिचे लक्ष बफरवर असते.

## ५. जास्तीची फील्ड

### ५.१ दोन आकार : आय_साइझ आणि आय_डिस्कसाइझ

व्हीएफएसच्या आय_साइझ मध्ये फाइलचा आकार असतोच. तरी एक्स्ट४ आय_डिस्कसाइझ हे दुसरे फील्ड ठेवते. पहिला आकार प्रोग्रामला दिसतो, दुसरा डिस्कवरील आयनोडमध्ये लिहिला जातो.

दोन्ही वेगळे होण्याची दोन कारणे आहेत. पहिले, फाइल लहान करताना आय_साइझ आधी बदलते, पण ब्लॉक मोकळे करण्याचे काम अजून चालू असते. दुसरे, एक्स्ट४ मधील विलंबित वाटप. प्रोग्रामने लिहिलेला मजकूर आधी फक्त पेज कॅशमध्ये जातो आणि डिस्कवरील ब्लॉक नंतर, रायटबॅकच्या वेळी ठरतात. ब्लॉक ठरण्याआधीच नवा आकार डिस्कवर गेला आणि वीज गेली, तर फाइल मोठी दिसेल पण शेवटी तिच्यात काहीच नसेल. म्हणून ब्लॉक मिळेपर्यंत आय_डिस्कसाइझ मागे राहते.

विलंबित वाटपासाठी आणखी दोन गोष्टी लागतात. आय_रिझर्व्ह्ड_डेटा_ब्लॉक्स मध्ये 'जागा राखली आहे, पण कोणती ते ठरलेले नाही' अशा ब्लॉकची संख्या असते. आय_ईएस_ट्री या लाल-काळ्या झाडात फाइलच्या प्रत्येक भागाची स्थिती असते : लिहिलेला, वाटप झालेला पण न लिहिलेला, विलंबित किंवा रिकामा. यातील 'विलंबित' ही स्थिती डिस्कवर कोठेही नसते. ती फक्त मेमरीत जगते.

### ५.२ दोन क्रमांक : आय_सिंक_टीआयडी आणि आय_डेटासिंक_टीआयडी

प्रोग्रामने एफसिंक बोलावले की फाइलशी संबंधित सर्व काही डिस्कवर पोचल्याशिवाय कर्नलने परतायचे नाही. पण कोणत्या ट्रान्झॅक्शनसाठी थांबायचे? आयनोडमधील शेवटचा बदल ज्या ट्रान्झॅक्शनमध्ये होता त्याचा क्रमांक आय_सिंक_टीआयडी मध्ये असतो. ते आधीच कमिट झालेले असेल तर जर्नलसाठी थांबायची गरज नाही.

एफडेटासिंक ची मागणी थोडी कमी असते : मजकूर परत वाचता येण्यापुरती माहिती पोचली की पुरे. फक्त वेळ बदलली असेल तर त्यासाठी थांबायला नको. म्हणून दुसरा क्रमांक. आकार किंवा ब्लॉकचे वाटप बदलले तरच आय_डेटासिंक_टीआयडी पुढे सरकते.

येथे एक बारकावा आहे. हे दोन्ही क्रमांक डिस्कवर नसतात. मेमरी कमी पडून आयनोडची रचना काढून टाकली तर ते जातात. नंतर तोच आयनोड परत वाचला तर कोणता क्रमांक भरायचा? त्याचा जुना बदल अजून कमिट न झालेल्या ट्रान्झॅक्शनमध्ये असू शकतो. म्हणून एक्स्ट४ सावध उत्तर निवडते आणि त्या वेळी चालू असलेल्या ट्रान्झॅक्शनचा क्रमांक भरते. कधी तरी विनाकारण थांबावे लागेल, पण प्रोग्रामला दिलेला शब्द मोडणार नाही.

### ५.३ जर्नलसाठीची पुरवणी : जेबीडी२_आयनोड

एक्स्ट४ च्या नेहमीच्या पद्धतीत, म्हणजे ऑर्डर्ड मोडमध्ये, मजकूर जर्नलमध्ये जात नाही. पण एक नियम असतो : नव्या ब्लॉकचा पत्ता सांगणारे ट्रान्झॅक्शन कमिट होण्याआधी त्या ब्लॉकमधील मजकूर डिस्कवर गेलेला हवा. नाही तर वीज गेल्यानंतर त्या ब्लॉकमध्ये दुसऱ्याच्या पुसलेल्या फाइलचा जुना मजकूर दिसू शकतो. हा केवळ बिघाड नव्हे, गोपनीयतेचाही भंग आहे.

यासाठी कमिट करताना जर्नलला कळले पाहिजे की कोणत्या फाइलींचा मजकूर आधी लिहायचा. जेबीडी२_आयनोड ही छोटी रचना हेच काम करते. ट्रान्झॅक्शनच्या यादीतील जागा, कोणत्या ट्रान्झॅक्शनशी संबंध आणि फाइलचा कोणता भाग लिहायचा आहे, एवढे तिच्यात असते. बहुतेक फाइली फक्त वाचल्या जातात, म्हणून ती प्रत्येक आयनोडबरोबर तयार होत नाही. फाइल लिहिण्यासाठी उघडली तरच ती जोडली जाते.

नव्या कर्नलमध्ये बऱ्याचदा दुसरी वाट वापरतात : ब्लॉक आधी 'न लिहिलेला' म्हणून नोंदवायचा आणि मजकूर पोचल्यावर ती खूण काढायची. हेतू तोच.

### ५.४ अनाथ आयनोडची यादी

उघडी असलेली फाइल कोणी पुसली तर आय_एनलिंक शून्य होते, पण आय_काउंट शून्य नसते. ज्या प्रोग्रामने ती उघडली आहे त्याला ती वापरता आली पाहिजे. आता वीज गेली तर? डिरेक्टरीत नाव नाही आणि ब्लॉक मोकळे केलेले नाहीत. जागा कायमची अडकेल.

म्हणून असे आयनोड 'अनाथ' यादीत टाकतात. डिस्कवर ही यादी एकेरी असते : सुपरब्लॉकमध्ये पहिल्या अनाथाचा क्रमांक आणि प्रत्येक आयनोडच्या 'पुसल्याची वेळ' या फील्डमध्ये पुढच्याचा क्रमांक. एकेरी यादीतून मधला आयनोड काढायचा तर त्याच्या आधीचा कोण ते हवे. ते डिस्कवर शोधत बसणे परवडणार नाही. म्हणून मेमरीत आय_ऑर्फन हे दुहेरी यादीचे फील्ड असते. त्यावरून आधीचा आयनोड लगेच मिळतो आणि डिस्कवरील त्याचीच नोंद बदलता येते.

मोठी फाइल छाटण्याचे काम एका ट्रान्झॅक्शनमध्ये मावत नाही, तेव्हाही ती आधी या यादीत जाते. पुन्हा माउंट करताना यादी तपासली जाते : दुवे शून्य असतील तर आयनोड पुसायचा, नसतील तर अर्धवट राहिलेली छाटणी पूर्ण करायची.

## ६. एक उदाहरण

एका फाइलचा आकार ४०९६ बाइट, म्हणजे नेमका एक ब्लॉक आहे. प्रोग्राम तिच्या शेवटी ५००० बाइट जोडतो. नवा आकार ९०९६. त्याला तीन ब्लॉक लागतात, म्हणजे दोन नवे. ट्रान्झॅक्शनचे क्रमांक उदाहरणापुरते घेतले आहेत.

| टप्पा | आय_साइझ | आय_डिस्कसाइझ | राखीव ब्लॉक | सिंक क्रमांक | डेटासिंक क्रमांक |
|---|---|---|---|---|---|
| फाइल उघडली | ४०९६ | ४०९६ | ० | ४८ | ४८ |
| ५००० बाइट लिहिले | ९०९६ | ४०९६ | २ | ५० | ४८ |
| रायटबॅक, ब्लॉक मिळाले | ९०९६ | ९०९६ | ० | ५३ | ५३ |
| ट्रान्झॅक्शन ५३ कमिट | ९०९६ | ९०९६ | ० | ५३ | ५३ |

दुसऱ्या ओळीत सिंक क्रमांक ५० झाला, कारण लिहिताना बदलाची वेळ आयनोडमध्ये नोंदली गेली. ब्लॉक व डिस्कवरील आकार बदलले नाहीत, म्हणून डेटासिंक क्रमांक ४८ च राहिला.

दुसऱ्या व तिसऱ्या ओळीच्या मध्ये वीज गेली तर फाइल ४०९६ बाइटची मिळेल. ट्रान्झॅक्शन ५० कमिट झालेले असेल तर बदलाची वेळ मात्र नवी दिसेल. तिसऱ्या व चौथ्या ओळीच्या मध्ये वीज गेली तरी फाइल ४०९६ चीच. चौथ्या ओळीनंतर ती ९०९६ ची मिळेल. दरम्यानची कोणतीही विसंगत स्थिती मिळणार नाही. पण लक्षात घ्या, *सुसंगत असणे म्हणजे नवा मजकूर सुरक्षित असणे नव्हे.*

## ७. २००९ चा धडा

हा फरक २००९ च्या सुरुवातीला एक्स्ट४ नव्याने वापरणाऱ्या अनेकांना महागात पडला. अनेक प्रोग्राम आपली सेटिंगची फाइल अशी जतन करत : तात्पुरती नवी फाइल लिहायची आणि तिला जुन्या फाइलचे नाव द्यायचे. मध्ये एफसिंक नाही. एक्स्ट३ वर हे सहसा निभावत असे, कारण तेथे विलंबित वाटप नव्हते. ऑर्डर्ड मोडमुळे मजकूर कमिटच्या आधी डिस्कवर जाई.

एक्स्ट४ वर नाव बदलण्याचे काम काही सेकंदांत कमिट होई. मजकुराच्या ब्लॉकचे वाटप मात्र अर्धा मिनिट किंवा अधिक लांबू शके. तोपर्यंत नव्या फाइलचे आय_डिस्कसाइझ शून्य. या काळात संगणक बंद पडला की जुनी फाइल गेलेली आणि नवी शून्य बाइटची. फाइल सिस्टिमच्या दृष्टीने सर्व सुसंगत, वापरणाऱ्याच्या दृष्टीने सेटिंग गेली.

एक्स्ट४ मध्ये यावर तडजोड आली. असलेल्या फाइलच्या जागी नवी फाइल नाव बदलून आणली, किंवा फाइल शून्यावर छाटून लिहून बंद केली, तर राखीव ब्लॉकचे वाटप लगेच सुरू होते. तरीही भरवशाची पद्धत एकच : लिहा, एफसिंक करा, मग नाव बदला.

## ८. लॉकचा क्रम

आयनोडमधील ब्लॉकच्या पत्त्यांना आय_डेटा_सेम हे लॉक राखते. फाइल लिहिताना क्रम असा असतो : आधी आय_आरडब्ल्यूसेम, मग जर्नलचे हँडल, मग आय_डेटा_सेम.

हँडल मिळवणे हेही लॉक घेण्यासारखेच आहे. समजा थ्रेड 'अ' ने क्रम मोडून आधी आय_डेटा_सेम घेतले आणि मग हँडल मागितले. जर्नलमध्ये जागा नसल्याने तो कमिट होण्याची वाट पाहत थांबला. थ्रेड 'ब' कडे त्या ट्रान्झॅक्शनचे हँडल आहे आणि तो आय_डेटा_सेम साठी थांबला आहे. सर्व हँडल बंद झाल्याशिवाय कमिट होत नाही. 'अ' कमिटची वाट पाहतो, कमिट 'ब' ची, 'ब' 'अ' ची. हाच डेडलॉक.

## ९. दुसरी मांडणी : एक्सएफएस

एक्सएफएस ही फाइल सिस्टिम अख्ख्या ब्लॉकऐवजी आयनोडचे बदललेले भाग जर्नलमध्ये नोंदवते. म्हणून तिच्या मेमरीतील आयनोडला एक 'लॉग आयटम' जोडलेला असतो. कोणते भाग बदलले ते त्यात असते. शिवाय 'पिन' ची मोजणी असते. बदल जर्नलमध्ये पोचेपर्यंत आयनोड पिन केलेला राहतो, म्हणजे तो मूळ जागी लिहिता येत नाही. एक्स्ट४ मध्ये हे बंधन बफरवर असते, एक्सएफएसमध्ये आयनोडवर. प्रश्न एकच, उत्तर ठेवण्याची जागा वेगळी.

## सारांश

- मेमरीतील आयनोड डिस्कवरील आयनोडची नक्कल नसून दोघांतील अंतराचा हिशेब आहे.
- दोन आकार, दोन ट्रान्झॅक्शन क्रमांक, जेबीडी२_आयनोड आणि अनाथ यादी ही त्या हिशेबाची खाती आहेत.
- जर्नल सुसंगतीची हमी देते. मजकूर टिकण्याची हमी हवी असेल तर प्रोग्रामने एफसिंक मागितले पाहिजे.

## स्वाध्याय

1. वरील तक्त्यात दुसऱ्या ओळीनंतर लगेच एफडेटासिंक बोलावले. ते ट्रान्झॅक्शन ४८ पाहून लगेच परत का येणार नाही? (सूचना : एफडेटासिंक आधी पेज कॅशमधील मजकुराचे काय करते?)
2. आय_ऑर्फन एकेरी यादीचे असते तर १००० अनाथ आयनोडमधील शेवटचा काढायला किती आयनोड पाहावे लागले असते?
3. टीआयडी ३२ बिटचा असून तो भरल्यावर पुन्हा शून्यापासून सुरू होतो. दोन क्रमांकांतील नंतरचा कोणता हे साध्या 'पेक्षा मोठा' तुलनेने का ठरवता येत नाही? वजाबाकी करून चिन्ह पाहिले तर काय साधते?
4. लिनक्स संगणकावर रूटच्या अधिकाराने प्रॉक मधील स्लॅबइन्फो ही फाइल वाचा. एक्स्ट४ च्या आयनोड कॅशच्या ओळीतील एका वस्तूचा आकार किती आहे? डिस्कवरील २५६ बाइटशी तुलना करा.